मेंदू जुळतात म्हणजे नेमकं काय जुळतं?

'गप्पा मारताना दोघांच्या मेंदूच्या लहरी एक होतात', 'एकत्र बसलेल्यांची हृदयं एका तालात धडधडतात' अशा मथळ्यांच्या बातम्या दर थोड्या दिवसांनी मोबाईलवर येतात. वाचणाऱ्याला वाटतं, हा एक तर चमत्कार असेल, नाहीतर थाप. दोन्ही खरं नाही. यामागे कित्येक दशकांचं चिवट संशोधन आहे, आणि ते माणसाबद्दल जे सांगतं ते मथळ्यापेक्षा कितीतरी सुंदर आहे.

प्रश्न साधा आहे. दोन माणसं भेटली, बोलायला लागली, एखादं ओझं उचलायला वाकली किंवा आखाड्यात भिडली, की त्यांच्या हालचाली, त्यांचं बोलणं, त्यांचं लक्ष हे सगळं एकमेकांत बसायला लागतं. कुणी सूचना देत नाही, कुणी मोजत नाही. मग हे होतं कसं? कोल्हापूरकराला याची उदाहरणं बघायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर नाचणाऱ्या सासनकाठ्या बघितल्या तरी पुरे. तिकडं येऊच, पण सुरुवात थोडी मागून करू.

## मन नसलेल्या वस्तूसुद्धा जुळतात

१६६५ साली क्रिस्तियान हायगेन्स हा डच शास्त्रज्ञ आजारपणामुळे खोलीत पडून होता. समोर एकाच आधाराला टांगलेली दोन लंबकाची घड्याळं होती. त्याच्या लक्षात आलं, की दोन्ही लंबक बरोबर उलटसुलट हलतात. एक डावीकडे गेला की दुसरा उजवीकडे. मुद्दाम लय मोडली तरी अर्ध्या तासाच्या आत पुन्हा तीच जोडी जमते. कारण शेवटी सापडलं ते आधारात. प्रत्येक लंबक त्या लाकडाला अगदी किंचित हलवतो आणि ती हालचाल दुसऱ्यापर्यंत पोचते.

जुळायला एवढंच लागतं: दोघांना आपापली लय हवी, आणि एकाची हालचाल दुसऱ्यापर्यंत पोचायला वाट हवी. शास्त्रज्ञ या वाटेला 'कपलिंग' म्हणतात. मी यापुढे नुसतं 'दुवा' म्हणेन.

आता एक प्रयोग बसल्या जागी करून बघा. दोन्ही हातांच्या तर्जन्या समोर धरा आणि एकाच दिशेनं हलवा. दोन्ही एकदम डावीकडे, मग दोन्ही एकदम उजवीकडे. हळूहळू वेग वाढवा. एका टप्प्यावर बोटं तुमचं ऐकणार नाहीत. दोन्ही एकदम आत, दोन्ही एकदम बाहेर अशी हलायला लागतील. स्कॉट केल्सो यांनी १९८४ मध्ये हे नीट मोजून मांडलं. तुम्ही म्हणाल, दोन्ही बोटं एकाच मेंदूच्या ताब्यात आहेत, त्यात नवल काय? नवल पुढं आहे. १९९० मध्ये श्मिट, कॅरेलो आणि टर्व्ही यांनी दोन माणसांना शेजारी बसवलं, प्रत्येकाला एक पाय झुलवायला सांगितला आणि एकमेकांकडे बघत एक पुढे तर दुसरा मागे असा ताल धरायला लावला. वेग वाढवल्यावर बोटांसारखाच त्यांचाही ठरलेला ताल मोडला आणि दोघांचे पाय आपोआप एका दिशेला आले. त्या दोघांच्या मज्जातंतूंत काहीही जोडलेलं नव्हतं. दुवा होता तो फक्त डोळ्यांचा.

पुढे २००७ मध्ये दोघांना डुलत्या खुर्च्यांत बसवून असाच प्रयोग झाला. दोन खुर्च्यांची वजनं अशी ठेवली होती, की त्यांची नैसर्गिक लय वेगवेगळी यावी. जुळवून घ्या असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी दुसरी खुर्ची नजरेत असली की डुलणं एका लयीकडे ओढलं जायचं.

## पण माणूस म्हणजे घड्याळ नव्हे

लंबकाला पुढचा ठोका कधी पडणार याचा अंदाज बांधता येत नाही. माणसाला येतो, आणि खरी गंमत तिथून सुरू होते.

रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलेल्या दोघांचं बोलणं कान देऊन ऐका.

'काल मॅचला गेल्तास काय?'

'व्हय की. दुसऱ्या हाफला...'

'गोल बघितलास न्हवं?'

'आरं, समोरच होतो!'

एकाचं संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, यात फट किती असते? तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगातल्या १० भाषांमधले प्रश्न आणि उत्तरं मोजली. सरासरी फट निघाली साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. जपानीत ती सगळ्यात कमी होती, डॅनिशमध्ये सगळ्यात जास्त, पण सगळ्या भाषा याच पट्ट्यात होत्या. मराठी त्या दहांत नव्हती, तरी कट्ट्यावरच्या गप्पा ऐकलेल्याला हा आकडा परका वाटणार नाही.

आता दुसरा आकडा. एखादं चित्र बघून त्याचं नाव तोंडातून बाहेर पडायला माणसाला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. एका शब्दाची तयारी ६०० आणि फट मात्र २००! हा हिशेब एकाच पद्धतीनं बसतो: समोरचा बोलत असतानाच तुम्ही तुमचं उत्तर जुळवायला लागता. त्याचं वाक्य कुठं चाललंय, कधी संपणार, याचा अंदाज तुमच्या मेंदूनं आधीच बांधलेला असतो. आपण 'ऐकणं' म्हणतो त्यात अर्धं काम समोरच्याच्या पुढं पळण्याचं असतं.

हा अंदाज ओळखीनं पक्का होत जातो. हर्बर्ट क्लार्क आणि डियाना विल्क्स-गिब्ज यांनी १९८६ मध्ये एक छान प्रयोग केला. दोघांपुढे सारखीच, विचित्र आकारांची चित्रं ठेवली. एकमेकांची चित्रं दिसत नव्हती. एकानं वर्णन करायचं, दुसऱ्यानं त्या क्रमानं चित्रं लावायची. पहिल्या फेरीत लांबलचक वर्णन: कुणीतरी बर्फावर घसरतंय, दोन हात पुढे केलेत, वगैरे. चारपाच फेऱ्यांनंतर उरतात दोन शब्द, 'बर्फावरचा माणूस', आणि काम भागतं. शिरोलीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जुने दोघे जण 'ते परवाचं घे' एवढंच बोलतात आणि बरोबर तोच पान्हा हातात येतो. नव्या पोराला त्यातलं काही कळत नाही, कारण ते शब्द त्या दोघांनी मिळून कमावलेले असतात.

## हातातून हातात

आता सासनकाठी. ३०-४० फुटांचा कळक, काही तर त्याहूनही उंच, वर गुंडाळलेलं रंगीत कापड, वरून खाली आलेले दोर. एक गडी बुंधा पेलतो, बाकीचे चहूबाजूंनी दोर ताणून धरतात. हलगी कडाडते, गुलाल उडतो, 'चांगभलं'चा गजर होतो आणि त्या गर्दीत काठी नाचायला लागते. बोलून काही ऐकू येईल अशी परिस्थितीच नसते. दोर धरणाऱ्याची नजर शेंड्याकडे. बुंधा पेलणाऱ्याला मात्र काठीचा कल कळतो तो अंगावर येणाऱ्या भारावरून. काठी एका अंगाला झुकली की समोरच्या दोरात ताण वाढतो, तो ताण हाताला सांगतो 'ओढ', आणि त्याच क्षणी झुकल्या बाजूचा गडी आपला दोर सैल सोडतो. त्यानं तो सोडला नाही तर काठी सावरणारच नाही. इथं दुवा म्हणजे तो दोरच आहे, हातात धरता येणारा.

अशा 'हातातून हातात' जाणाऱ्या बोलण्यावर कायल रीड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अभ्यास केला. एकच दांडा, दोन बाजूंनी दोघांनी धरलेला, मधे पडदा. दांडा फिरवून खूण ठरलेल्या जागी न्यायची. बोलायचं नाही. जोडीनं केलेलं काम एकट्यानं केलेल्यापेक्षा लवकर झालं. मजा म्हणजे कित्येकांना वाटत होतं, की समोरचा आपल्याला अडवतोय! मोजल्यावर दिसलं, की एकमेकांशी चकार शब्द न बोलता त्यांनी कामं वाटून घेतली होती. एकानं दांड्याला गती द्यायची, दुसऱ्यानं तो वेळेवर थांबवायचा. अरुंद जिन्यावरून कपाट चढवताना खालचा वरच्यावर आणि वरचा खालच्यावर ओरडत असतो, तरी कपाट वर पोचतं, ते का हे यातून कळतं.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की कुणीतरी म्होरक्या असतोच, बाकीचे त्याच्या मागनं जातात. कधी असतोही. पण इवाना कोन्वालिन्का आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दोघांना वेगवेगळं बसवून, हेडफोनमधून एकमेकांचा ठेका ऐकवत बोटानं ताल धरायला लावला. दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत असेल तेव्हा म्होरक्या कुणीच नव्हता. प्रत्येक ठोक्याला पहिला दुसऱ्याप्रमाणे आणि दुसरा पहिल्याप्रमाणे आपली वेळ सुधारून घेत होता. दोघेही अनुयायी, आणि तरी ताल टिकला.

## जुळणं म्हणजे एकसारखं होणं?

इथं बहुतेकांचा घोटाळा होतो आणि बातम्या तो वाढवतात. एकच मुद्रा, एकच हालचाल, एकच विचार, असं झालं म्हणजे माणसं 'जुळली' अशी समजूत होते. समोरच्यानं हाताची घडी घातली की आपणही घालतो, त्यानं गाल खाजवला की आपलाही हात वर जातो, हे खरं आहे. तान्या शार्ट्रँड आणि जॉन बार्ग यांनी १९९९ मध्ये त्यावर प्रयोग केले. पण नक्कल हा या सगळ्या प्रकाराचा एक लहानसा कोपरा आहे.

१९१२ साली उभारलेल्या शाहू महाराजांच्या खासबाग मैदानात सलामी झडली, की पैलवान लगेच डाव टाकत नाहीत. आधी खडाखडी होते. मनगटाला मनगट, मानेवर पंजा, कपाळाला कपाळ. एक दाबतो, दुसरा त्याच क्षणी तेवढाच भार परत देतो. एक पाऊल मागे घेतो, दुसरा ते पाऊल भरून काढतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, हे वेळ काढतायत. पण त्या वेळात दोघे एकमेकांचं वजन, दम आणि घाई वाचत असतात. दोघांच्या हालचाली उलट आहेत, हेतू तर पूर्ण विरुद्ध आहेत, आणि तरी त्या मिनिटाला त्या मैदानात या दोघांइतकं घट्ट जुळलेलं कुणी नसतं.

हुलकावणीचंच बघा. मानेकडे हात नेल्यासारखं करायचं आणि खाली शिरून पट काढायचा. ही हुलकावणी चालते ती समोरचा तुमचा अंदाज बांधत असतो म्हणूनच. जो तुमच्याकडे बघतच नाही त्याला फसवता येत नाही. फसवायलासुद्धा दुवा लागतो.

मला या सगळ्या संशोधनातला सगळ्यात मोलाचा भाग आई आणि तान्ह्या बाळाचा वाटतो. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात आयांना सांगितलं, बाळाशी नेहमीसारखं खेळा आणि मग थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवा. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. आईकडून काहीच येत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, कावरंबावरं होतं, रडतं. काही महिन्यांच्या बाळालासुद्धा दुवा तुटलेला कळतो. पण याच अभ्यासकांनी नेहमीच्या, सुरळीत खेळाचंही बारकाईनं निरीक्षण केलं. तेव्हा दिसलं, की मायलेकरं एकमेकांशी जुळलेली असतात त्यापेक्षा बेमेळ असतात तो वेळच जास्त असतो. आई हसते तेव्हा बाळ दुसरीकडे बघतं, बाळ हाक मारतं तेव्हा आई लंगोट शोधत असते. चांगल्या नात्यात काय घडतं? बेमेळ होतो आणि थोड्याच वेळात तो दुरुस्त होतो. पुन्हा होतो, पुन्हा दुरुस्त. नव्या आयांना 'बाळाशी सतत एकरूप राहा' असा सल्ला देणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. ते कुणालाच जमत नाही, आणि बाळाला त्याची गरजही नाही.

## मग मेंदूच्या लहरींचं काय?

बातम्यांत ज्याचा सूर नेहमी ऐकू येतो तो प्रयोग २०१० चा आहे. ग्रेग स्टीफन्स, लॉरेन सिल्बर्ट आणि उरी हॅसन यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात तो केला. एका मुलीनं एमआरआय यंत्रात पडल्यापडल्या स्वतःच्या आयुष्यातला एक किस्सा सांगितला, तो रेकॉर्ड केला आणि नंतर इतरांना त्याच यंत्रात तो ऐकवला. सांगणारीच्या मेंदूतल्या हालचालीचा नकाशा आणि ऐकणाऱ्यांचा नकाशा बऱ्याच भागांत जुळला. ऐकणाऱ्याचा मेंदू बहुतेक ठिकाणी थोडा मागून चालत होता, काही ठिकाणी मात्र चक्क पुढे. ज्यांच्यात हा 'पुढे' असण्याचा भाग जास्त होता त्यांना किस्सा जास्त चांगला समजला होता. रशियन न येणाऱ्यांना रशियनमधला किस्सा ऐकवला तेव्हा ही जुळणी राहिली नाही.

यात ऐकणारे त्या मुलीबरोबर नव्हतेच. त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं, नंतर कधीतरी. म्हणजे एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात कुठलीही लहर गेली नाही. गेला तो आवाज आणि आवाजातला अर्थ. हे यंत्र लहरी मोजतही नाही, ते रक्तातल्या प्राणवायूचे चढउतार मोजतं.

आता जाणकाराचा आक्षेप: एकच गोष्ट ऐकली तर दोन मेंदू सारखेच चालणार, त्यात 'जुळणं' कसलं? आक्षेप अगदी रास्त आहे. शेजारशेजारच्या दोन घरांत एकच क्रिकेटची मॅच लागली असेल, तर दोन्हीकडून 'आउट!' एकदमच ऐकू येतं, म्हणून काही त्या घरांच्या मधून तार गेलेली नसते. संशोधकांना हे ठाऊक आहे. समोरासमोर बोलणाऱ्या दोघांचे मेंदू एकाच वेळी मोजताना ते एक तपासणी करतात. एका जोडीतला एक आणि तेच काम केलेल्या दुसऱ्या जोडीतला एक अशी कागदोपत्री खोटी जोडी लावतात. खोट्या जोडीतही तेवढीच जुळणी दिसली, तर ती एकत्र असण्यातून आलेली नाही. खऱ्या जोडीत ती वाढलेली दिसली, तरच दोघांमध्ये काही घडलं असं म्हणायचं. मेंदू जुळल्याची बातमी वाचताना ही तपासणी केली होती का, एवढंच शोधा.

'आरसापेशी', म्हणजे दुसऱ्याची कृती बघतानाही जागृत होणाऱ्या मेंदूपेशी, यांचा गवगवा तुम्ही ऐकला असेल. १९९० च्या दशकात इटलीत पार्मा इथं त्या माकडांमध्ये सापडल्या. शोध पक्का आहे, पण सहानुभूतीपासून भाषेपर्यंत सगळ्याचं उत्तर त्यात आहे असं जे सांगितलं गेलं, तेवढा भार तो शोध पेलत नाही.

हृदयाचा किस्सा मात्र ऐकण्यासारखा आहे. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके या गावात दरवर्षी निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी होतो. तिथं चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले आणि निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. चालणाऱ्याचे नातेवाईक आणि मित्र नुसते उभे होते, तरी त्यांच्या ठोक्यांचा चढउतार त्याच्यासारखाच झाला. अनोळखी प्रेक्षकांचा झाला नाही. दृश्य सगळ्यांसमोर एकच होतं. फरक पाडला तो कोण चालतंय याच्याशी असलेल्या नात्यानं. खासबागेत आपलं पोर उतरलं की माउलीला घाम का फुटतो, याचं हे मोजलेलं उत्तर.

## एका तालात आली की माणसं चांगली होतात का?

२००९ मध्ये स्कॉट विल्टरमुथ आणि चिप हीथ यांनी दाखवलं, की पावलाला पाऊल मिळवून चाललेली माणसं नंतरच्या खेळात एकमेकांशी जास्त सहकार्य करतात. लेझीम, झांजपथक, आरती, परेड यांची ताकद यात आहे आणि ती मी मनापासून मानतो. पण त्याच विल्टरमुथ यांनी २०१२ मध्ये दुसरी बाजूही मांडली. तालात आलेली माणसं, सोबतच्यानं सांगितलं तर, दुसऱ्याला त्रास देणारी गोष्ट करायलाही लवकर तयार होतात. ताल माणसांना जवळ आणतो. जवळ आल्यावर काय करायचं हे तो ठरवत नाही.

मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या साउंड सिस्टीमबद्दल माझं मत इथंच येतं. हलगीवाला नाचणाऱ्यांकडे बघून ठेका बदलतो, नाचणारे हलगीवाल्याकडे बघून पाय बदलतात. दुवा दोन्ही बाजूंनी चालू असतो. छातीत धडकणाऱ्या यंत्राला समोर कोण आहे याचा पत्ता नसतो. शेजारचा धापा टाकतोय, एखादी आजी कानावर हात ठेवून उभी आहे, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. हजार माणसं एका ठोक्यावर हलतात खरी, पण एकमेकांशी नव्हे, फक्त त्या यंत्राशी.

## ज्यांचा ताल वेगळा असतो

सगळ्यांचा ताल एकसारखा नसतो. स्वमग्न व्यक्ती, म्हणजे ज्यांना ऑटिझम आहे असं आपण म्हणतो, त्यांच्या नजरेची, हावभावांची, बोलण्यातल्या थांब्यांची लय वेगळी असते. वर्षानुवर्षं हा त्यांच्यातला दोष मानला गेला. स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये विचारलं, की संवाद दोघांचा असतो तर तो फसल्याचा दोष एकाचाच कसा? कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी कर्णोपकर्णी पाठवून पाहिली. फक्त स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. वर्गात नजरेला नजर न देणाऱ्या पोराला 'याचं लक्षच नाही' म्हणणाऱ्या शिक्षकांनी, नातेवाइकांनी हे वाचायला हवं.

## आणि मोबाईलवर?

सेकंदाच्या पाचव्या हिश्शावर उभा असलेला हा सगळा डोलारा. त्यात रेंज गेली की काय होतं? २०१४ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी फोनवरच्या संभाषणात मुद्दाम सेकंदभराच्या आसपासचा उशीर घातला. लाईनमध्ये उशीर आहे हे लोकांच्या लक्षात आलं नाही. त्यांना वाटलं, समोरच्या माणसाचंच लक्ष नाही. तांत्रिक दोष माणसाच्या स्वभावाच्या खाती जमा झाला.

व्हिडिओ कॉलनंतर थकवा का येतो, पुण्याला राहणारी सून 'तुटक बोलते' असं का वाटतं, याचा एक धागा इथं आहे. पण मला जास्त काळजी वाटते ती नोकरीच्या ऑनलाइन मुलाखतींची. गगनबावड्याची किंवा शाहूवाडीची एखादी मुलगी, घराच्या ज्या कोपऱ्यात रेंज येते तिथं उभी राहून मुलाखत देते. तिचं उत्तर पलीकडे सेकंदानं उशिरा पोचतं. विचारणारा मधेच पुढचा प्रश्न टाकतो, दोघांचे आवाज एकमेकांवर आदळतात, ती गप्प होते, आणि पलीकडच्या कागदावर 'आत्मविश्वास कमी' असा शेरा पडतो. मुलाखत घेणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. कॉल अडखळत असेल तर चित्र बंद करून साधा फोन लावावा. आणि उमेदवाराचं बोलणं संपलं असं वाटल्यावरही मनात दोन आकडे मोजून मगच पुढचा प्रश्न विचारावा.